सहाव्या सिरीजचा चौथा छर्रा

तुळशीरामदादा आमच्या खारघरच्या रायफल क्लबात नेमबाजी शिकायला आलेच नव्हते. ते आले होते मासळीच्या पाट्या घेऊन. त्यांची बायको चंद्राबाई आमच्या सेक्टरच्या मच्छी मार्केटमध्ये बसते. रविवारी माल जास्त, म्हणून दादा उरणजवळच्या त्यांच्या गावातून तिला आणि पाट्यांना टेम्पोने आणून सोडायचे. मग माल संपेपर्यंत तीन तास करायचं काय? मार्केटच्या मागे शाळेचा हॉल आहे, त्या हॉलात आमचा क्लब. दादा एका रविवारी पंख्याचा वारा येतो म्हणून दारात उभे राहिले आणि उभेच राहिले.

मी आत बाकावर होते. माझी ऋता तिथे शिकते, आणि ती शिकते तोवर मी पालेभाजी निवडते. उत्कर्षा मॅडम, म्हणजे आमच्या कोच, दाराशी गेल्या आणि त्यांनी विचारलं की काका, बघायचंय की मारायचंय. दादा जरा लाजले आणि म्हणाले, "दोनी."

तेव्हा ते एक्कावन्न वर्षांचे होते. क्लबातली बाकी सगळी मंडळी दहावी-बारावीतली, त्यामुळे पोरांना गंमत वाटली. पण दादांनी रायफल खांद्याला लावली आणि हॉलमधली कुजबुज हळूहळू थांबली. इतका स्थिर माणूस त्या पोरांनी पाहिलाच नव्हता. मला नंतर कळलं की दादा कंटेनर यार्डात अवजड मशीन चालवतात. एकावर एक चार बॉक्स, म्हणजे कंटेनर, रचलेले, पाचवा वर ठेवायचा. मशीनचे चार खिळे बॉक्सच्या चार कोपऱ्यांतल्या चार भोकांत एकाच वेळी बसायला हवेत. घाई केली तर बॉक्स वाकडा येतो. वीस वर्षं हेच केलेल्या माणसाचे हात हलणार कसे?

हात हलत नव्हते, पण डोक्यात गोंधळ होता, आणि तो स्पर्धेच्या टप्प्यांचा होता.

दहा मीटरच्या एअर रायफलची स्पर्धा अशी चालते. आधी जाडा कोट, बूट, रायफल सगळं तपासून घेतात. मग तयारीची पंधरा मिनिटं. त्यात हवे तितके छर्रे मारा, ते मोजत नाहीत. त्याला साइटर म्हणतात आणि त्याच्या कार्डाला कोपऱ्यात काळी पट्टी असते. मग खरी मॅच सुरू. दहा-दहाच्या सहा सिरीज, साठ कार्डं. एका कार्डावर एक छर्रा, कार्ड दोरीवर पाठवायचं, मारायचं, परत ओढून घ्यायचं. एकदा मॅच सुरू झाली की साइटरकडे परत जाता येत नाही.

दादांना हे साइटर प्रकरण कधी पटलंच नाही. मोजायचं नाय तर मारायचं कशाला, असं ते मला दर रविवारी विचारायचे. यार्डात उचललेला प्रत्येक बॉक्स लिहिला जातो. न लिहिता उचललेला बॉक्स म्हणजे चोरीच. मी आपली कधी म्हणायची की ते गाण्याआधी तंबोरा लावतात तसं असेल. पण खरं सांगायचं तर मलाही ते नीट कळलेलं नव्हतं. परिणाम असा व्हायचा की दादा साइटरलाच सगळा जीव ओतायचे आणि खरी मॅच लागली की दमलेले असायचे.

मॅचसाठी त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली होती. प्रत्येक सिरीजआधी दहा छर्रे मोजून प्लास्टिकच्या डबीत ठेवायचे. डबी रिकामी झाली की सिरीज संपली. साइटरचे छर्रे मात्र ते मुठीने पत्र्याच्या मोठ्या डब्यातून घ्यायचे, त्यांची मोजदाद नाही. आणि प्रत्येक खऱ्या छर्ऱ्याआधी एकदा रिकाम्या रायफलचा चाप ओढायचा. त्याला सगळे ड्राय म्हणतात. रायफलचा एक खटका त्यासाठी फिरवावा लागतो, मग नुसता टक असा आवाज होतो, हवा सुटत नाही. ड्राय, मग छर्रा. ड्राय, मग छर्रा. साठ वेळा.

क्लबाचा एक नियम आहे. क्लबाच्या चारच रायफली, आणि शिकायला थांबलेली पोरं खूप. म्हणून तीन वर्षांत जो राज्याच्या स्पर्धेसाठी निवडला जात नाही, त्याने रायफल पुढच्याला द्यायची. दादांकडे चार नंबरची होती. पहिल्या वर्षी ते पाचशे सोळावर थांबले, दुसऱ्या वर्षी पाचशे एकतीसवर. निवडीला सहाशेपैकी पाचशे चाळीस लागतात. हे तिसरं वर्ष होतं.

चंद्राबाई मार्केटात बसून सगळ्यांना सांगायची, "पयले बॉक्स उचलायचा, आता छर्रा उचलतो. म्हातारपनी मानूस हलका होतो बाय." पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी दादांचा तो कॅनव्हासचा कोट तिनेच अंगणात उन्हाला घातला, बाह्या-खिसे उलटे करून झटकला. हे तिने मला नंतर सांगितलं आणि ते लक्षात ठेवण्यासारखं आहे.

स्पर्धा पनवेलजवळच्या एका मोठ्या रेंजवर होती. ऋताची फेरी सकाळीच झाली आणि बरी गेली. दादांची दुपारी, सहाव्या लेनवर. मी मागे प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसले होते, आणि तिथून दादांची पाठ, डावीकडची डबी आणि समोरचं कार्ड एवढं दिसत होतं. या वेळी ते साइटरला दमले नाहीत. पंधरा मिनिटांत दहा-बाराच मारले असतील. उत्कर्षा मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. पाच सिरीज झाल्यावर त्यांनी मोबाइलवर बेरीज केली आणि माझ्यापुढे धरली. चारशे बावन्न. शेवटच्या दहांत अठ्ठ्याऐंशी हवे होते. दादांना जमणारी गोष्ट.

सहाव्या सिरीजचे पहिले तीन नऊ, नऊ, दहा असे गेले. दादांनी डोकं उचललं, श्वास घेतला, पुन्हा गाल टेकवला. थोड्या वेळाने कार्ड ओढून घेतलं. आणि ते कार्ड हातात धरून नुसते उभे राहिले.

कार्ड कोरं होतं.

त्यांनी ते उलटं करून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं. मग हात वर केला. तिथले अधिकारी आले. छर्रा चुकून शेजारच्या कार्डावर लागला की काय म्हणून पाच आणि सात नंबरवाल्यांची कार्डं तपासली, दोघांच्याही कार्डावर एकेकच भोक. रायफल उघडून पाहिली, रिकामी. खाली वाकून जमीन पाहिली. दादाही वाकले, त्या ताठ कोटात वाकता येत नाही तरी वाकले. छर्रा कुठेच नव्हता.

अधिकारी भला माणूस होता. त्याने दादांना सरळ विचारलं की तुम्ही मारला का. मारला असेल तर शून्य, नसेल तर आता मारा. तुम्ही सांगाल ते मी लिहितो.

दादांना सांगता येईना. ड्राय मारला हे त्यांना आठवत होतं. त्यानंतर छर्रा भरला की नाही, भरला असेल तर तो उडाला की नाही, काही केल्या आठवेना. साठ वेळा तेच ते करायचं, त्यातलं चौपन्नावं कुठलं, हे कोणाला वेगळं काढता येईल? शेजारी मॅडम पुटपुटत होत्या, नाही मारला, दादा, नाही मारला. पण त्या जागेवरून बोलायची परवानगी नसते.

दादांनी डबीतले छर्रे मोजले. सहा. पुन्हा मोजले.

"डबीत सहा हायेत," ते म्हणाले. "म्हंजे गेला."

अधिकाऱ्याने शून्य लिहिलं.

उरलेले सहा दादांनी कसे मारले मला माहीत नाही, कारण मला समोरचं नीट दिसेनासं झालं होतं. छप्पन्न गुण आले. एकूण पाचशे छत्तीस. चौथ्या छर्ऱ्याला चार मिळाले असते तरी निवड होती, आणि दादांना चार इतके कमी गुण कधीच पडलेले नाहीत.

बाहेर आल्यावर मॅडम त्यांच्यावर चिडल्याच. तुमचा छर्रा तीन वर्षांत कधी कार्डाबाहेर गेलाय का, मग आजच कसा जाईल, एवढा साधा विचार का नाही केला? दादा म्हणाले की त्यांनी तोही विचार केला होता. पण डबीत सहाच होते ना. यार्डात कागदावर चाळीस बॉक्स आणि जमिनीवर एकोणचाळीस असले, तर तो एक गेलेलाच असतो. तो जाणं शक्य नाही असं म्हणून तो परत येत नाही. परत येताना गाडीत ऋताने मला विचारलं, आई, काका चुकले का? मी म्हटलं, विचार करून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी दादांनी चार नंबरची रायफल पुसून, पिशवीत घालून मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि ते गेले. त्याच दिवशी मी मार्केटात बोंबील घ्यायला गेले, तर चंद्राबाईने मला जवळ बोलावलं. कमरेची पिशवी सोडली आणि माझ्या तळहातावर एक छर्रा ठेवला. न मारलेला, अखंड. मारलेला छर्रा चपटा होतो, एवढं आता मलाही कळतं.

कोट उचलून ठेवायचा म्हणून ती काल पुन्हा झटकत होती, तर डाव्या बाहीच्या कोपराशी जो रबराचा जाड तुकडा शिवलेला असतो, त्याच्या शिवणीत हा अडकलेला. आदल्या शनिवारी तिने स्वतः कोट झटकला होता, तेव्हा काही नव्हतं. म्हणजे हा स्पर्धेच्याच दिवशीचा.

"मंग तो मारलाच नव्हता ना?" तिने विचारलं. "सांगू त्याना?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मला पत्र्याचा तो मोठा डबा आठवला. साइटरच्या वेळी दादा मुठीने छर्रे घेतात. त्यातला एखादा निसटून बाहीत गेला असेल तर? साइटरचे छर्रे कोणी मोजलेले नसतात, मग हा डबीतलाच कशावरून? मी हे चंद्राबाईला समजावून सांगू लागले आणि निम्म्यात माझंच मला कळेनासं झालं. गिऱ्हाइकं थांबली होती. शेवटी ती बोंबील साफ करता करता म्हणाली की बाय, तुमचा हा खेळ शिकल्यासवरल्या लोकांनी काढलाय खरा. आणि संध्याकाळी तिने दादांना सांगून टाकलं. नवऱ्यापासून लपवायला हा काय दागिना आहे, असं तिचं म्हणणं.

त्यापुढच्या रविवारी दादा छर्रा खिशात घालून क्लबात आले. मॅडमनी तो हातात घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. त्या म्हणाल्या, निकाल काही बदलणार नाही, त्यावर तुमची सही झाली आहे. पण तीन वर्षांचा नियम आपल्या क्लबाचा आहे. हा छर्रा मॅचमधला आहे एवढं तुम्ही म्हणा, मी तुम्हाला आणखी एक वर्ष देते. चार नंबर अजून कोणाला दिलेली नाही.

दादांनी मॅडमच्या हातातून छर्रा परत घेतला. मग माझ्याकडे वळले.

"वयनी, तुमी मागं बसल्या व्हत्या. मी मारला का?"

मी आठवायचा प्रयत्न केला. डोकं उचललेलं आठवलं, श्वास आठवला, गाल टेकवलेला आठवला. त्यानंतर हात डबीकडे गेला होता का? गेला होता असं वाटत होतं. पण तो तिसऱ्या छर्ऱ्याचा हात होता की चौथ्याचा? एक शब्द बोलले असते तर त्यांचं काम झालं असतं. मॅडम माझ्याकडे पाहत होत्या, ऋताही पाहत होती.

मी म्हटलं, "दादा, मला नाही सांगता येणार."

त्यांनी मान हलवली, जणू त्यांना हेच हवं होतं, किंवा हेच नको होतं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला ठरवता आलं नाही. मग ते मॅडमना म्हणाले, "मनाबी म्हाईत नाय. जे म्हाईत नाय ते कसं सांगू?"

चार नंबर तळोज्याहून येणाऱ्या मनालीला मिळाली. मला वाटलं, आता दादा मार्केटच्या बाहेर टेम्पोतच बसून राहतील. पण ते येतात. आधी माझ्या बाकावर बसतात, मी भाजी निवडत असले तर चार जुड्या निवडून देतात. साडेअकराला मनालीचा सराव संपला की उठतात, कोट चढवतात, चार नंबर घेतात आणि शेवटच्या लेनवर उभे राहतात.

कोपऱ्यात काळी पट्टी असलेली कार्डंच तेवढी मागतात. डबी आता आणत नाहीत. पत्र्याच्या डब्यातून मुठीने छर्रे घेतात आणि चंद्राबाईचा फोन येईपर्यंत मारत राहतात. मागच्या रविवारी मी ती कार्डं उचलून पाहिली. काळ्या ठिपक्याच्या मधोमध एकेक भोक, एका कार्डामागून दुसऱ्यावर. मी बेरीज करायला लागले, तर दादांनी माझ्या हातातून कार्डं काढून घेतली.

"साइटर हायेत, वयनी," ते म्हणाले. "ते मोजत नाय."