मावशीच्या वहीतला कोरा रकाना

माझी मावशी शाळेची प्रयोगशाळा सांभाळायची. आवारात पांढऱ्या झडपांची एक पेटी होती, आत तापमापक. रोज सकाळी साडेआठला, रविवारीसुद्धा, मावशी श्वास रोखून तो वाचायची. "माझा श्वास पाऱ्याला लागला तर आकडा माझा होईल, हवेचा नाही!" अशी एकतीस वर्षं.

तिच्या निवृत्तीला आठवडा राहिला आणि हेडसरांनी ठरवलं, पेटी काढून तिथे सायकली लावायच्या. मी तिला न्यायला गेले, तर ऑफिसात दोघांची जुंपलेली.

"बाई, गेल्या महिन्यात मी दोन स्वेटर घालून आलो. कुठली तापमानवाढ घेऊन बसलात?"

"एका चाचणीवरून मूल नापास करता का, सर? थंडी पडणारच. तीस वर्षांची सरासरी बघा, चढतेय."

"चढेल नाहीतर काय! शेजारी भिंत झालीय."

"म्हणून तर पेटी हलवली. वर्षभर दोन्हीकडे वाचलं, फरक वजा केला. आणि भर समुद्रात कुणाची भिंत आहे? तिथलं पाणीही तापतंय."

"मग सूर्य तापला असेल."

"तसं असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते थंड होतायत. आपण कोळसा-पेट्रोल जाळतो, त्यातून निघणाऱ्या वायूने उष्णता खालीच अडकतेय."

सरांनी चष्मा पुसला. "आकडे काय हो, हवे तसे भरता येतात."

संपलं, मला वाटलं. मग तिने एक जुनी वही काढून त्यांच्यापुढे उघडली. आकड्यांच्या रांगेत एक रकाना कोरा.

"आदल्या दिवशीचा आणि दुसऱ्या दिवशीचा आकडा जवळपास सारखा. मधला भरला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण मी वाचलाच नव्हता."

"का?"

"बहिणीला कळा लागल्या. मी तिच्याबरोबर दवाखान्यात." तिने हनुवटीने मला दाखवलं. "ही आली त्या सकाळी."

सर पानं उलटत राहिले, वहीमागून वही. "कोरा एवढा एकच?"

"भाची एकच आहे."

सर हसले. "बरं, सायकली मागे लावू. पण तुम्ही निवृत्त झाल्यावर वाचणार कोण?"

वाढदिवसाच्या भेटी पुष्कळ मिळाल्या; त्या कोऱ्या रकान्याइतकं मला कुणी काही दिलेलं नाही. माझ्या नाटकाच्या तालमी संध्याकाळी असतात, सकाळ मोकळीच. मी हात वर केला.

पहिल्या सकाळी पेटी उघडून श्वास रोखला, तेवढ्यात फाटकातून आवाज आला, "अगं, वरून काय बघतेस? डोळा पाऱ्याच्या रेषेत!"

निवृत्त झालेली बाई, साडेआठला हजर!