तीनशे ग्रॅम साबुदाणा

गेल्या शनिवारी सकाळी साडेआठ वाजता मी सिडनीत पॅरामॅटाजवळच्या एका हॉलमध्ये वजनकाट्यावर उभी होते. काटा दाखवत होता सत्तावन्न किलो तीनशे ग्रॅम... आणि मला हवे होते सत्तावन्न. बॉक्सिंगमध्ये वर एक ग्रॅम चालत नाही.

हो, बॉक्सिंग. मास्टर्स करायला आले आणि पहिल्या सेमिस्टरला एकटेपणाने वेड लागायची पाळी आली, तेव्हा कोपऱ्यावरच्या जिममध्ये घुसले. तिथे नोरा भेटली. साठीची आयरिश बाई, उंचीने माझ्या खांद्याला लागेल, पण नुसतं "हँड्स अप!" म्हणाली तरी धडकी भरते.

वर्षभर मी या पहिल्या बाउटची, म्हणजे रिंगमधल्या लढतीची, वाट बघत होते. माझ्या वजनाची नवखी मुलगी मिळतच नव्हती, शेवटी न्यूकासलची एक तयार झाली. पुढच्या महिन्यात मी नोकरीसाठी पर्थला चाललेय, म्हणजे नोरा कोच म्हणून पाठीशी असताना लढायची ही एकच संधी.

आणि मी काय अक्कल पाजळली? शुक्रवारी एकादशी होती. म्हटलं, वा, उपास करू, वजन आपोआप उतरेल!

आता टूनगॅबीत मी ज्यांच्याकडे राहते त्या विद्याकाकू. सध्या इकडे इतके स्टुडंट्स आलेत की खोली मिळणं म्हणजे लॉटरी, आणि मला तर खोलीसोबत काकूही मिळाल्या. "तू उपास करणार? अगं बाई, गुणाची गं माझी!" असं म्हणून त्यांनी जो सपाटा लावला... साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, वर दाण्याची आमटी आणि वरीचा भात. नाही म्हणायची माझी काय टाप! मी मुकाट्याने सगळं खाल्लं, दोनदा.

त्यात शनिवारी ट्रॅकवर्क, ट्रेन बंद, म्हणून काकूच मला गाडीने घेऊन आल्या. त्यांना मी फक्त "कॉम्पिटिशन आहे" एवढंच सांगितलं होतं. काट्यावरचा आकडा आणि माझा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि मी रडतरडत सगळं सांगून टाकलं.

"उपासाचंच तर दिलं होतं गं..." काकूंचा आवाज एवढासा झाला. मग पुढच्याच क्षणी त्यांनी स्वतःचं पफर जॅकेट काढलं, त्याखालचा स्वेटर काढला आणि घाम निघावा म्हणून दोन्ही माझ्या अंगावर चढवले. वजनाची वेळ संपायला पाऊण तास होता. नोराने हातात दोरी दिली आणि म्हणाली, "यू'ल बी ग्रँड, लव्ह. स्किप."

मी पार्किंगमध्ये दोरीवर उड्या मारत होते आणि नोरा काकूंशी बोलत होती. वर्षभरात तिने मला जे कधी सांगितलं नव्हतं, ते मला तेव्हा धापा टाकत ऐकायला मिळालं.

तिच्या तरुणपणी तिकडे आयर्लंडमध्ये बायकांना रिंगमध्ये उतरायला परवानगीच नव्हती. जिममध्ये बायकांची चेंजिंग रूम नव्हती, ही झाडू ठेवायच्या कपाटात कपडे बदलायची. आणि दर शनिवारी वजन करायची... कुणी लढू दिलंच तर आपण तयार असावं म्हणून. असे चार वर्षांचे शनिवार, दर वेळी बरोबर वजनात, आणि बाउट एकही नाही. शेवटी देश सोडला, बाहेर जाऊन प्रोफेशनल झाली, विजेतेपदाचा बेल्ट जिंकला. घरच्या पेपरात चार ओळी आल्या.

पुढे तिच्या गावात मुलींची पहिली अधिकृत बाउट झाली, पण ती फक्त हौशी खेळाडूंसाठी, आणि प्रोफेशनल झाल्यामुळे तिला उतरता येईना. ती दुसऱ्या मुलीसाठी रिंगच्या कोपऱ्यात पाण्याची बादली धरून उभी राहिली. "बेस्ट सीट इन द हाउस," असं म्हणून ती हसली. काकू मात्र डोळे पुसत होत्या.

पाऊण तास संपायला पाच मिनिटं असताना मी परत काट्यावर चढले. सत्तावन्न. बरोब्बर! मी, नोरा आणि काकू तिघी अशा ओरडलो की काटा बघणारा माणूस दचकला. इतकं हलकं मला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

लगेच काकूंनी पर्समधून डबा काढला. कालचीच खिचडी! नोराने आधी चव घेतली, मग मान डोलावून मला परवानगी दिली.

दुपारी बाउट झाली. मी पॉइंट्सवर हरले, नाक सुजलंय, फोटो टाकत नाही. काकूंनी तिन्ही राउंड डोळ्यांवर हात ठेवून बघितले, बोटांच्या फटीतून. आणि नोरा माझ्या कोपऱ्यात होती, हातात तशीच पाण्याची बादली.

मी रिंगमधून उतरले तेव्हापासून एकच डोक्यात आहे. नोराला अडवायला अख्खा देश उभा होता. मला अडवायला होता फक्त वाटीभर साबुदाणा... तोही मायेने वाढलेला.