वैनींचं लॉगिन

आमच्या साखर कारखान्यातल्या वैनी नवऱ्याचं नाव तोंडानं कधी घेत नसत. रेशनच्या दुकानात विचारलं तरी तिनं सांगावं म्हणून शेजारणीकडं बोट करायच्या. नवरा वारला, तरी रीत सुटली नाही. आणि गंमत बघा, रोज सकाळी त्यांना तेच नाव कॉम्प्युटरवर टाकावं लागायचं. त्या नवऱ्याच्या जागेवर लागल्या, तेव्हा ऑफिसानं त्याची खुर्ची दिली, टेबल दिलं आणि त्याचं लॉगिनही दिलं. यात काही वावगं आहे असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नाही.

नाव टाकताना वैनी डोक्यावरचा पदर सारखा करायच्या. शेजारच्या टेबलावरून मी चिडवायचो, "वैनी, कॉम्प्युटरला कावून लाजता?"

"तोंडानं न्हाई घेत भाऊजी, बोटानं घेते. तेवढं चालतंय."

ऊसतोडीचा क्रम लावणं हे त्यांचं काम. "ज्याच्या उसाची लागण आधी, त्याची तोड आधी," एवढाच त्यांचा कायदा. दुष्काळात या कायद्याला फार किंमत. माजलगावचं धरण तळाला गेलेलं, ऊस उभ्या उभ्या वाळत होता. ज्याची तोड लांबली, त्याचं वर्ष गेलं.

त्यात आमची एक वाईट खोड. एकमेकांचे पासवर्ड सगळ्या ऑफिसाला पाठ. एका दुपारी वैनी जेवायला गेल्या आणि एका संचालकाच्या माणसानं त्यांच्या लॉगिनवरून आपल्या साहेबांचा ऊस सगळ्यांच्या पुढं नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दिंद्रुड गावचे शेतकरी तणतणत आले. बदल कुणी केला म्हणून पाहिलं, तर वैनींच्या नवऱ्याचं नाव. एक जण म्हणाला, "मेल्यावर बी खातोय का बे हा?"

वैनी उठल्या त्या थेट चेअरमनच्या केबिनमध्ये. मी मागोमाग. तो संचालकही तिथंच चहा पीत बसलेला.

"श्रीरंग बाबुराव," वैनी खणखणीत आवाजात म्हणाल्या. ते नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. "माझे मालक. ते वारलेत साहेब. त्यांच्या नावावर पाप घालू नका. क्रम होता तसा लावा, अन् मला माझ्या नावाचं लॉगिन द्या. मग शिव्या खायच्या तर मी खाईन."

संचालक हसून म्हणाला, "वैनी, एवढं काय त्यात?"

"मंग तुमी तुमच्या नावानं करा की. हाय का दम?"

चेअरमननं तिथल्या तिथं फोन उचलला. संध्याकाळपर्यंत क्रम पहिल्यासारखा झाला, आणि वैनींना त्यांच्या स्वतःच्या नावाचं लॉगिन मिळालं. त्याचा पासवर्ड शेवटपर्यंत मलाही कळला नाही. मी विचारलाही नाही.

पुढं शेतकरी फाटकाशीच विचारायचे, "क्रम वैनीनंच लावलाय ना?" हो म्हटलं की तिथूनच माघारी वळायचे, आत येऊन बघायचे नाहीत.

वैनी आता नाहीत. कारखान्यात इतकी वर्षं काढून काय कमावलं, असं पोरं मला विचारतात. मी ताठ मानेनं सांगतो, त्या बाईच्या शेजारच्या टेबलावर बसत होतो.