कुसुमावतीसाठी थांबणारा पडदा

सदर भागातल्या मनोहर थिएटरात पडदा ओढणारा श्रावण पराते नटी कुसुमावतीवर लट्टू झालाय, ही बातमी अडुसष्ट साली आधी धरमपेठेत पोचली आणि मग त्याच्या घरी, तांडापेठेत. पुरावा तिकीट काढून कोणालाही पाहता येत होता. शेवटचा अंक संपला की पडदा खाली यायला लागे आणि कुसुमावतीच्या अंबाड्याच्या हातभर वर येऊन थबके. ती हात जोडून उभी. टाळ्या पडत, ओसरत, आणि मग एक हिसका खाऊन पडदा धाडकन खाली.

"डोळे भरून पाहून घेते बेटा," पानठेल्यावर लोक म्हणत.

पहिल्या दोन अंकांच्या शेवटीही पडदा असाच थांबे. पण तेव्हा रंगमंचावर सासऱ्याचं काम करणारे महादेवराव असत, आणि त्यांच्यावर कोणी लट्टू होईल हे कोणाच्या डोक्यात आलं नाही.

खुद्द कुसुमावतीचाही विश्वास बसला होता. ती आपल्या डब्यातली पाटवडी श्रावणला पाठवी. पाटवडी चांगली असे. श्रावण खात असे. मॅनेजर गोपाळरावांनी तर त्याला बाजूला घेऊन विचारलं, "काय गा श्रावण, खरंच लफडं आहे काय? असलं तर चालू ठेव. लोक पडदा पाहायला येऊन राहिले."

घरी मात्र तुळसाबाईनं पेटी भरायला घेतली.

"मी उमरेडले चालली, बाबाकडे."

"तसं काही नाही वं," श्रावण म्हणाला.

"मंग पडदा काहून थांबते?"

 श्रावणला बायकोही हवी होती आणि तोंडही उघडायचं नव्हतं. तुळसाबाईला काय समजायचं ते समजलं. रविवारी दुपारच्या प्रयोगाला ती पेटीसकट विंगेत येऊन उभी राहिली. एकदा आपल्या डोळ्यांनी पाहायचं आणि तिथूनच उमरेडची बस धरायची, असा बेत.

शेवटचा अंक संपला. पडदा आला, थबकला. तिकडे कुसुमावतीनं हात जोडले. इकडे श्रावणची तिच्याकडे पाठ होती. मान वर करून, दोर दोन्ही हातांत धरून तो उड्या मारत होता आणि पुटपुटत होता, "निघ ना माय, निघ ना."

तुळसाबाईनं वर पाहिलं. दोराची गाठ कप्पीत फसली होती.

"ही गाठ कोनं मारली जी?"

"मीनंच."

"तुमी? परात्याच्या घरचे?"

"हळू बोल वं! लोक ऐकून राहिले."

तांडापेठेत सगळी घरं मागवाल्या विणकरांची, आणि तिथं घराणं गाठीवरून ओळखत. सूत तुटलं तर अशी गाठ मारायची की मागाच्या फणीतून जाताना फणीलाही कळू नये. दोर उन्हाळ्यात तुटला तेव्हा श्रावणनं तीच बापानं शिकवलेली गाठ मारली. पडद्याच्या वजनानं ती सुटली. त्यावर दुसरी मारली, मग तिसरी. आता तिथं चांगलं लिंबाएवढं काहीतरी होतं.

तुळसाबाई पेटीवर बसली. उमरेडला तिचा बाप अजून मागावर बसायचा. नवऱ्यानं नटी ठेवली म्हटलं, तर तो शिव्या घालून गप झाला असता. ही गाठ कळली असती, तर असल्या घरात पोरगी दिली म्हणून त्याला उमरेडात मान वर करता आली नसती.

पेटी घरी परत गेली. दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या यमुताईनं विचारलंच, "काय वं तुळसा, खरं हाय काय ते नटीचं?"

तुळसाबाईनं घागर भरून घेतली. "असंल," ती म्हणाली. "माणूस हाय."

श्रावणनं कुसुमावतीकडे कधी धड पाहिलंही नव्हतं. गाठ मोठी होती आणि कप्पी लहान होती.