समोरच्या खिडकीतली तक्रार

“आधी बघू, मग लिहू,” हे हवालदारांचं कायमचं बोलणं. म्हणून चौकीत सगळे त्यांना बघूमामा म्हणत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत न बघता त्यांनी एक ओळ लिहिली नव्हती. बढती त्यांच्या दारापर्यंत यायची, थोडा वेळ थांबायची आणि शेजारच्या टेबलाकडे निघून जायची.

त्या दुपारी साहेबांनी छापील फॉर्म पुढे सरकवला. “मामा, दोन मुली घरात एकट्या असतात. समोरच्या काकूंनी आठव्यांदा कळवलंय. मोठं माणूस लक्ष ठेवत नसेल, तर खूण करायची आणि मुलींना बालगृहात पोचवायचं. आज बघत बसू नका.”

मामा जिना चढून मुलींच्या दाराशी गेले. साखळीआडून नऊ वर्षांची थोरली म्हणाली, “ओळखपत्र दाखवा.”

मामांनी दाखवलं.

“फोटोत तुम्हाला केस आहेत.”

“होते गं बाई, तेव्हा होते.”

थोरलीने आईला फोन लावून दिला. आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात होती; मागे यंत्रं घरघरत होती. “दादा, सहाला घरी पोचते मी. तोवर नेऊ नका हो माझ्या पोरींना! अडीअडचणीला घराची किल्ली दिलीय समोरच्या काकूंकडे.”

साखळी निघाली. मामांनी सावकाश सगळं पाहिलं. गॅस खालून बंद होता, औषधं उंच फळीवर होती. धाकटी टेबलाखाली बसून बाहुलीला पाढे शिकवत होती. उन्हाचा एक तुकडा तिच्या वहीवर मांजरासारखा पसरला होता.

मग मामा बोळ ओलांडून काकूंकडे गेले. खिडकीशी खुर्ची, पाठीला उशी, मांडीवर वही.

‘चार दहा : थोरलीने दूध ओतलं. चार बारा : धाकटीने सांडलं. चार तेरा : दोघी हसल्या. कारण कळलं नाही.’

“काकू, मध्ये उठत नाही तुम्ही?”

“उठते कसली! आई येईपर्यंत पापणी लवत नाही माझी.”

“आणि काही झालंच तर?”

“किल्ली आहे ना! धावत जाईन की.”

“मग तक्रार काय?”

“अहो, त्या पोरींकडे कुणी बघतच नाही!”

मामांनी फॉर्म काढला. लक्ष ठेवणारी प्रौढ व्यक्ती : समोरच्या काकू. पुरावा : त्यांचीच वही.

“करा सही.”

“म्हणजे, मी सांभाळते त्यांना?”

“तुमच्याच अक्षरात आहे. खोटं असेल तर तसं सांगा, खोट्या तक्रारीचा फॉर्म निराळा आहे.”

काकूंनी सही केली. घटकाभर फुगून बसल्या. मग एकदम खिडकीतून कडाडल्या, “अगं ए धाकटे! ते दूध कोण पुसणार?”

धाकटीने निमूट फडकं आणलं.

सहा वाजून गेल्यावर आई धापा टाकत बोळात शिरली. बाह्या अजून ओल्या होत्या. मामांनी घडी घातलेला फॉर्म दाखवला. “मुली वर आहेत,” एवढंच बोलले, टोपी चढवली आणि साहेबांच्या शिव्या खायला चौकीकडे चालू लागले.

ते वळणाआड जाईपर्यंत ती पायरीवरून बघत राहिली. वरून काकूंचा आवाज आला, “सात मिनिटं उशीर! उद्यापासून चालायचं नाही हं!”