मिठागराचा शेवटचा बांध

शेवंतीबाई मढवी नवव्या वर्षी आईबरोबर मिठागरात उतरल्या आणि मिठागर बंद पडलं तेव्हाच बाहेर आल्या. मधली पंचवीस वर्षं त्यांनी अनवाणी पायांनी कोंड्यांची, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांची, जमीन तुडवून घट्ट केली, मीठ ओढलं, टोपल्या वाहिल्या. त्यांचा नवरा गणू बांधाच्या दारांवर कामाला होता. भरती-ओहोटी पाहून तो ती उघडायचा, लावायचा. तो जाऊन बारा वर्षं झाली. कळवा आणि दिव्याच्या मधल्या त्यांच्या कोनखार गावात मिठागरात राबलेलं दुसरं कोणी उरलं नव्हतं. घरात त्या आणि कॉलेजात जाणारी नात निशा, एवढ्याच.

म्हणूनच पुतण्या विकी एके दिवशी पेढे घेऊन आला. उद्या खाडीवर सरकारी माणसं येणार होती. जिल्ह्यातल्या पाणथळ जागांची यादी चालली होती आणि मिठागर नेमकं कुठपर्यंत होतं, ते त्यांना गावातल्या जुन्या माणसाकडून हवं होतं. विकीचं म्हणणं एवढंच, की काकीने खाडीकाठच्या तिवरांच्या झाडांपर्यंत सगळं मिठागरच होतं असं सांगावं.

शेवंतीबाई म्हणाल्या, तसं नव्हतं. शेवटचा बांध बराच अलीकडे होता. त्याच्यापुढे खाजण, भरतीचं पाणी पसरायची दलदल; तिथे कोणी कधी मीठ काढलं नाही. विकी हसला. खाजण काय नि मिठागर काय, चिखल एकच, म्हणाला. उलट आपल्या माणसांनी केवढं काम केलं ते कागदावर येईल. ही गोष्ट मात्र त्यांच्या मनाला भिडली. तीस वर्षांत त्या कामाबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून खाडीवर गेल्या. पाहणीला आलेली बाई तिशीतली होती, विनिता नावाची. गुडघ्यापर्यंत बूट, हातात टॅब. बरोबर मंडळ अधिकारी. जुन्या नकाशात मिठागराची पूर्वेची हद्द म्हणून नुसतं ‘खाडी’ लिहिलेलं होतं, त्यामुळे सगळं बोलण्यावर आलं होतं.

"आजी, शेवटचा बांध कुठला?" विनिताने विचारलं.

शेवंतीबाई त्याच बांधावर उभ्या होत्या. पायाखालचे दगड गणूने बसवलेले. विकी मागे फोनवर बोलत होता, पण त्याचं लक्ष इकडेच होतं. त्यांनी हात लांब केला आणि पार तिवरांजवळचा मातीचा उंचवटा दाखवला. तो भरतीच्या गाळाने आपोआप वाढलेला होता.

"तो. तिथवर आमच्या कोंड्या व्हत्या."

"नक्की?"

"मीच तुडवल्यात, बाय."

विनिताने लिहून घेतलं. परतताना, बहुधा म्हाताऱ्या बाईला बरं वाटावं म्हणून, तिने समजावून सांगितलं. मिठासाठी माणसाने मुद्दाम बांधलेली जागा नियमाप्रमाणे पाणथळ धरत नाहीत. ही जागा आपोआप झालेलं खाजण असती, तर ती यादीत गेली असती. मग तिथे भराव नाही, बांधकाम नाही, राडारोडा टाकणं नाही. मासे धरणं, गवत कापणं मात्र गावाला पूर्वीसारखं करता आलं असतं. तिवरांना वेगळं संरक्षण आहे, ती वाचतील. बाकीच्या जागेला आता हे नियम लागणार नाहीत.

शेवंतीबाई थबकल्या. त्या बोलणारच होत्या, तेवढ्यात विकीने त्यांचा हात धरून त्यांना बांधावरून उतरवलं. पंचनाम्याचा कागद पुढे आला. सही त्या पन्नाशीत शिकल्या होत्या. एकेक अक्षर काढत त्यांनी ती केली.

होळीनंतर तिथे इमारती बांधू पाहणाऱ्या एका विकासकासाठी भरावाचे डंपर सुरू झाले. सहा गाड्यांच्या दारांवर विकीचं नाव होतं. पाडलेल्या इमारतींचा मलबा, फुटक्या लाद्या, प्लास्टिक मिसळलेली माती, सगळं त्या जागेवर ओतलं जात होतं आणि वरून रोलर फिरत होता. पहिल्या पंधरवड्यात चिंबोऱ्या रस्त्यावर आल्या. गाड्यांखाली चिरडून त्यांचा नुसता सडा पडला. मग गावविहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. अमावास्येला उधाणाचं पाणी गटारांतून उलटं वर आलं आणि खालच्या आळीत दारांपाशी काळा फेस सोडून गेलं.

बायका म्हणाल्या, गटार तुंबलं असेल. शेवंतीबाईंना खरं कारण माहीत होतं. उधाण आलं की गणू खाजणाच्या अंगाचं दार उघडायचा. ते पाणी तिकडे पसरायचं आणि ओहोटीबरोबर मुकाट निघून जायचं. मिठागर बंद पडल्यावर ते दार उघडंच राहिलं, म्हणून गावाने कधी पाय भिजवले नव्हते. आता त्या पाण्याला पसरायला जागाच नव्हती. तीन रात्री त्यांचा डोळा लागला नाही. चौथ्या सकाळी त्यांनी निशाला सगळं सांगितलं.

निशाने मोबाइलवर शोधलं. यादीचा मसुदा जाहीर झाला होता, हरकतींना साठ दिवस होते आणि त्यांतले नऊच उरले होते. ती वही घेऊन बसली.

"आजी, चुकून सांगितलं असं लिहू?"

"नाय. खोटं सांगितलं, असं लिव."

ठाण्याच्या कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. पंचनाम्यात खोटं सांगितल्याचं तुम्ही लेखी देताय, तुमच्यावरच कारवाई होऊ शकते, असं तो म्हणाला. शेवंतीबाईंनी मान डोलावली. त्याने आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली.

दोन दिवसांनी विकी आला. आवाज चढवला नाही. ओट्यावर बसला, चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला.

"काकी, अर्ज मागे घे," तो म्हणाला. "हे विकासकाचे लोक माझ्यासारखे नाहीत. आणि निशा रोज संध्याकाळी त्या भरावाच्या रस्त्यानेच येते ना?"

तो गेल्यावर शेवंतीबाईंनी तो कप पुन्हा विसळला. लहानपणी ताप आला की हाच पोरगा त्यांच्या मांडीवर झोपायचा. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी रिक्षा थांब्यावर जाऊन उभ्या राहू लागल्या. निशा उतरली की तिचा हात धरून घरी आणायच्या. कधी एखादा डंपर मागून हळूहळू यायचा, हॉर्न न वाजवता, आणि दोघी घराकडे वळेपर्यंत तसाच मागे राहायचा. अर्ज त्यांनी मागे घेतला नाही.

वैशाखात फेरपाहणी लागली. विनिताचा चेहरा त्रासलेला होता. जुना बांध भरावाखाली गेला होता, सगळीकडे एकसारखं तांबडं मैदान.

"आजी, पहिला जबाबही तुमचाच आहे," ती म्हणाली. "आता पुराव्याशिवाय मला काही लिहिता येणार नाही."

शेवंतीबाई उन्हात एकट्याच पुढे गेल्या. गणू मुंब्र्याच्या डोंगरातली खाच आणि गावदेवीचा कळस एका रेषेत धरून बांधाचा अंदाज घ्यायचा. त्या मागे सरकल्या, डावीकडे झाल्या, पुन्हा पुढे आल्या. मग टाच आपटून म्हणाल्या, "हितं खणा."

जेसीबीने खणलं. लाद्या निघाल्या, गोण्या निघाल्या, आठ फुटांवर दात दगडाला लागले. ओळीने बसवलेला बांध होता. त्याच्या अलीकडची जमीन तुडवून तुडवून फरशीसारखी झालेली, तिचा तुकडा मोडता मोडेना. पलीकडे मऊ काळा चिखल, शिंपल्यांनी भरलेला. विनिताने दोन्हींचे नमुने पिशव्यांत घातले, फोटो काढले आणि तिथेच उभ्याने नवा पंचनामा लिहिला. शेवंतीबाईंनी पुन्हा सही केली.

खाजण यादीत गेलं. डंपर थांबले. भराव काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेशही निघाला, पण तो कोणी काढायचा यावरून वाद सुरू झाला. विकासकाने अपील केलं आणि मैदान तसंच राहिलं. पावसाने ते दगडासारखं बसलं.

श्रावणातल्या अमावास्येला दुपारी बाराला उधाण आलं, वर पाऊस. पाणी खाडीकडून येईल म्हणून बायका तिकडे बघत होत्या. ते भरावाला वळसा घालून मागून आलं, रस्त्याच्या बाजूने, जिकडून आजवर कधी आलं नव्हतं. खालची आळी मांडीभर बुडाली. विकी आपल्या आईला पाठीवर घेऊन चढावर शेवंतीबाईंच्या घरी आला, तेव्हा त्यांनी दार उघडलं. जाऊबाईंना त्यांनी आत घेतलं, कोरडं लुगडं दिलं. विकी उंबऱ्याबाहेरच थांबला. त्याने वर पाहिलं नाही, आणि त्यांनीही त्याला आत ये म्हटलं नाही.

ओहोटी लागली, पण भरावाआड अडकलेलं पाणी हललं नाही. चार वाजले तरी ते ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर तसंच होतं, संथ, तेलकट. निशाने तांदळाचा डबा माळ्यावर चढवला, मग पुस्तकं. वरूनच तिने विचारलं, की भादव्यातलं उधाण याहून मोठं असतं ना, मग तेव्हा पाणी कुठपर्यंत चढेल.

शेवंतीबाईंनी पायरीवरचं पाणी पाहिलं. खाडीच्या पाण्याबद्दल कोणी काही विचारलं आणि त्यांना सांगता आलं नाही, असं आजवर झालं नव्हतं.

"मना ठाव नाय, पोरी," त्या म्हणाल्या. "देवबी वर ठेव."