शेळीसाठी नेसलेलं लुगडं

मुलांनो, तुमच्या आईनं फोनवर सांगितलं की तुम्हाला आमच्या शेळ्या-मेंढ्यांच्या गमती हव्या आहेत. आमच्या उरवड्यात एक गंमत अजून लग्नाकार्यात सांगतात: माझे वडील लुगडं नेसून मेंढरांमागे रस्त्यावर धावले ती. लोक ती रस्त्यावरच थांबवतात. मी पुढचंही लिहिते, कारण पुढचं आता माझ्याशिवाय कोणाला माहीत नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. सुगी चालू होती, खाचरांतला भात कापून खळ्यावर येत होता. आमच्याकडे थोडी भातजमीन, एक काबरी शेळी, चार मेंढ्या आणि एक मेंढा एवढंच होतं. माझी धाकटी बहीण जन्मली आणि बाराव्या दिवशी आई तापानं गेली. वडिलांना मी आबा म्हणे. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, नेऱ्याहून आली होती. तिच्या कडेवर स्वतःचं सहा महिन्यांचं पोर होतं, त्यामुळे आईचे दिवस होईपर्यंत तिनंच दोन्ही बाळांना पाजलं. पण तिच्याही घरी सुगी होती. निघताना ती म्हणाली, "दादा, पोरगी माझ्या वटीत घाल. दोन्ही वाढवीन."

आबा म्हणाले, "घरात शेळी दूध देतीया. ती देतीया तवर लेकरू हितंच ऱ्हाईल."

आत्या गेली आणि दुसऱ्याच दिवशी शेळीनं आम्हाला तोंडघशी पाडलं. काबरी जन्मली तेव्हाच तिची आई मेली होती. माझ्या आईनं तिला पदराखाली घेऊन, बोळ्यानं दूध पाजून जगवलं होतं. त्यामुळे ती आईशिवाय कोणाला कासेला हात लावू देत नसे. आत्या होती तोवर ती कोणी पिळलीच नाही, तिचं करडूच सगळं दूध पीत होतं. आता आबा बसले की ती लाथ मारी, पिळायचं भांडं उलटं करी आणि गव्हाणीत चढून उभी राही. मी बसले, तर तिनं माझी वेणीच चघळायला घेतली. आबांनी तिचे मागचे पाय बांधून पाहिले. तेव्हा ती सरळ खाली बसली, आणि दूध वर चढवून घेतलं. असं चढवलेलं दूध पिळून निघत नाही.

शेजारच्या काकूंनी उपाय सांगितला. त्या म्हणाल्या, जनावराला ओळख पटली पाहिजे, बाईचं धारेचं लुगडं नेसून बसा. आईची बाकीची लुगडी रीतीप्रमाणे देऊन टाकली होती. धारेच्या वेळचं तेवढं, तांबड्या काठाचं, विटलेलं, गोठ्यातल्या खुंटीवर राहून गेलं होतं. आधी ते मला नेसवलं. नऊवारीत माझे पायच सापडेनात, मी शेळीवरच पडले. मग आबांनी गोठ्याच्या दाराचा कुडाचा झाप ओढून घेतला, धोतरावरून ते लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बसले.

काबरीनं मान वळवून पाहिलं. पदर हुंगला. आबा आपल्या जाड आवाजाचा बारीक आवाज करून म्हणाले, "हुं गं माजे बाय, हुब्बी ऱ्हा." आई हेच म्हणायची. शेळी उभी राहिली आणि भांड्यात दुधाची पहिली धार वाजली. मी झापाच्या फटीतून बघत होते. आबांचा पदर हलत होता. बराच वेळ ते नुसते धार काढत होते की आणखी काही, ते मला मागून कळलं नाही.

त्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तसंच चाललं. दूध पाण्यात सारखं करून, कोमट करून, मी बाळाला कापसाच्या बोळ्यानं पाजायची. ती गालातल्या गालात चोखायची आणि माझं बोट धरून झोपायची. काकू आल्या की म्हणायच्या, पोरीनं बाळसं धरलं.

आता लोक सांगतात ती गंमत. आमच्या मेंढ्याला एक खोड होती. ओणवी झालेली परकी बाई दिसली की तो चार पावलं मागे सरायचा आणि येऊन धडक द्यायचा. आईच्या वाटेला तो कधी गेला नव्हता, आबांच्या तर नाहीच. पण त्या सकाळी त्याचं दावं सुटलं होतं, आणि त्याला मागून दिसलं ते ओणवं लुगडं. आत कोण आहे हे त्याला कोण सांगणार? त्यानं दिली धडक. आबा तोंडावर शेणात गेले, वर भांडं, त्यावर शेळीचा पाय. मेंढा झाप पाडून बाहेर पळाला. त्याच्या मागची मेंढी दारातल्या पाटीवरून उडी मारून गेली. पाटी घरंगळत बाजूला गेली, तरी बाकीच्या तिघी जिथं पाटी होती तिथं येऊन नेमानं उडी मारून गेल्या.

आबा मागे धावले. काष्टा सुटलेला, पदर लोळतोय, पदरावर करडूचे पाय. तो पौडच्या बाजाराचा दिवस होता. रस्त्यावर दोन बैलगाड्या आणि डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया चालल्या होत्या. सगळं थांबलं. आबांच्या बरोबरीचा एक गडी गाडीवरून म्हणाला, "वैनी, मिशा कवापासनं ठिवल्या?" बायांनी पदर तोंडात कोंबले. आबांनी मेंढा शिंगाला धरला, दुसऱ्या हातानं पदर पुन्हा डोक्यावर ओढला आणि त्याला म्हणाले, "बाजाराला उशीर हुतूय, भावजी. निगा." त्यावर तर गाडीचे बैलही बुजतील इतकं हसू झालं.

मी दारात पोट धरून हसत होते. आई गेल्यावर घरात कोणी हसलं ते पहिल्यांदाच. मेंढरं घेऊन आबा परत आले, मला तसं पाहिलं, आणि शेणानं भरलेल्या तोंडानं म्हणाले, "हास. तुजी आय असती तर लोळली असती." मग ते तोंड धुवायला गेले ते बऱ्याच वेळानं आले.

कासेत उरलेलं दूध त्यांनी पुन्हा बसून काढलं, बाळापुरतं झालं, आणि ते खळ्यावर गेले. लुगडं खुंटीवर होतं. त्याला चिखल, शेण, लेंड्या, सांडलेलं दूध. मला घाण बघवत नसे, ती सवय आईनंच लावली होती. मला वाटलं, रस्त्यावरचे लोक हसले ते लुगडं इतकं मळकं होतं म्हणून. आणखी एक वाटलं, आणि माझी खरी चूक ती. काकू ओळख म्हणाल्या होत्या. माझी समजूत अशी की काबरी तो तांबडा काठ ओळखते. मळानं काठ दिसेनासा झाला होता. मी तो स्वच्छ केला तर शेळी आणखी चांगली ओळखेल.

बाळाला काकूंकडे ठेवून मी ओढ्यावर गेले. दिवाळीची साबणाची वडी उरली होती ती सगळी लावली. दगडावर आपटून, तीन पाण्यांतून काढून, पिळून, निरगुडीच्या झुडपांवर वाळत घातलं. काठ पुन्हा तांबडा दिसू लागला. घडी घालून, कोपऱ्याला कोपरा जुळवून, मी ते परत खुंटीवर ठेवलं आणि आबांची वाट बघत बसले.

दिवस मावळायच्या आत आबा आले, लुगडं नेसले आणि बसले. काबरीनं मान वळवली. पदराशी नाक नेलं, फुरफुरली आणि दावं ताणून भिंतीला जाऊन चिकटली. आबांनी बारीक आवाज काढला. तिनं भांड्याला लाथ मारली. आबांनी पदर हातात घेतला, स्वतःच्या नाकाला लावला आणि तसाच धरून ठेवला.

"धुतलंस व्हय?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "व्हय. डाग सगळं गेलं."

आबा म्हणाले, "ब्येस निघालंय," आणि पदर नाकापासून दूर करून त्याची घडी घालू लागले. मला तेव्हा समजलं की मी काय धुतलं. आईचा वास, आणि तो काबरीपुरताच गेला नव्हता.

पुढचे दोन दिवस आम्ही सगळं करून पाहिलं. करडू लावलं, तर ते पीत असे तोवर ती दूध सोडी, आमचा हात लागला की पुन्हा चढवून घेई. लुगडं शेळीच्या खाली अंथरलं, तिच्या पाठीला घासलं, गोठ्यातल्या गवतात दाबून ठेवलं. त्याला साबणाचा आणि निरगुडीचाच वास येत राहिला. काकूंनी एका घरून म्हशीचं दूध आणून दिलं, ते बाळाच्या पोटात ठरेना. पेजेचं पाणी दिलं, तेही ठरेना. तिसऱ्या दिवशी ती रडायची, पण आवाज येत नव्हता, नुसतं तोंड उघडायची. आबांनी नेऱ्याला निरोप धाडला.

आत्या बैलगाडीनं आली. उंबऱ्यावरच बसून तिनं बाळाला पदराखाली घेतलं. बाळाला आधी ओढता येईना, मग यायला लागलं. आत्यानं गोठ्याकडे नजर टाकली. करडू दूर बांधलेलं होतं आणि शेळीची कास दुधानं तटतटली होती, पण उंबऱ्यावरून फक्त तिचं डोकं दिसत होतं.

"काय झालं रं दादा? चांगली देत हुती न्हवं?"

मी दाराला धरून उभी होते. मी खाली बघितलं.

"आटली," आबा म्हणाले. "शेळीचं काय, आटली."

"मंग आता नेते मी हिला."

"ने," आबा म्हणाले.

मी बाळाची दुपटी घड्या करून दिली. गाडी वळणाआड जाईपर्यंत आबा रस्त्यात उभे होते. नंतर मला ते या गोष्टीवरून एक शब्द बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि पुढं कधीच नाही. दुसऱ्या वर्षी त्यांनी मला पुण्याला मावशीकडे शाळेला ठेवलं. मी वर्गात पहिली येत असे, माझ्या वह्यांची टापटीप बाई इतर मुलींना दाखवत. सुटीत घरी आले की मी आबांना वह्या दाखवायची. ते पान उलटून म्हणायचे, ब्येस हाय.

तुम्ही जिला नेऱ्याची आजी म्हणता, तीच ते बाळ. ती आत्याला आई म्हणत मोठी झाली. ती दोन वर्षांची असताना आत्या तिला आमच्या जत्रेला घेऊन आली. अंगात नवं परकर-पोलकं, पायात वाळे. आबा अंगणात उकिडवे बसले आणि तळहातावर गुळाचा खडा धरून तिला "ये" म्हणाले. ती आत्याच्या लुगड्यामागे गेली आणि तिथून एक डोळा काढून बघत राहिली. आत्यानं तिला पुढं ढकललं, तशी ती रडायलाच लागली.

"मिशांना भ्येती," आत्या म्हणाली.

आबा हसले. गुळाचा खडा त्यांनी उंबऱ्यावर ठेवला, तिला हात पोचेल असा, आणि मेंढरांना पाला टाकायला गेले.